बिऱ्हाड हलविताना



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली तेव्हापासून या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण यांवर मोठमोठी माणसे बोलत आली. आम्ही आठवीपर्यंत शिकलेले. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या कपाटाने आणि न्यायालयांच्या पायऱ्यांनी दिले. त्यामुळे "बिऱ्हाड कसे हलवावे यावर बोलतो," असे आम्ही सांगितले तेव्हा चिटणीस प्रथम हसले. मग थोडे थांबून म्हणाले, "मलाही पुढच्या महिन्यात जागा सोडायची आहे, बोलाच."

बोईसरच्या कामगाराला हा विषय हसण्याचा वाटत नाही. सरावली, खैरापाडा, पास्थळ, सालवड, कुंभवली या पट्ट्यात चाळीच्या खोलीत राहणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. करार संपला की भाडे वाढते, नाहीतर खोली बदलते. कारखाना बदलला की खोली बदलते, मुलीची शाळा लांब पडली की खोली बदलते. आमचे स्वतःचे बिऱ्हाड आजवर सात वेळा हलले आहे आणि सहकाऱ्यांच्या किती बिऱ्हाडांना खांदा दिला याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. घर पाहावे बांधून, असे वाडवडील सांगून गेले. घर मोडून पाहावे असे मात्र कोणी सांगितले नाही, कारण ते सांगावे लागत नाही, गरिबाच्या वाट्याला ते आपोआप येते.

आमचे पहिले हलणे १९८४ सालचे. वडील मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. दोन वर्षे आईने खानावळीचे डबे करून घर चालविले. शेवटी लालबागची खोली देऊन टाकली आणि पालघरला मामांच्या आधाराने यायचे ठरले. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. ट्रक रात्री निघायचा होता, म्हणून दुपारपासून बांधाबांध. भांडी पिंपात गेली, गाद्यांच्या वळकट्या झाल्या, देव परडीत बसले. राहिल्या कपबशा. लग्नात आलेल्या, निळ्या काठाच्या बारा. आईने घरात सापडेल तो कागद घेतला आणि एकेक कप गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरला. पालघरला डबा उघडला तेव्हा एकाही कपाला टवका गेलेला नव्हता. आईला त्याचा मोठा अभिमान होता. कागद चुलीत गेले.

त्यानंतर सत्तावीस वर्षे लोटली. गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाने अर्ज मागविले, तेव्हा दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारस पुढे आले. अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीत होता हे दिसले पाहिजे. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट नंबर, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, राज्य विम्याचा नंबर, हजेरीपत्र, असे काहीतरी दाखवायचे. वडील तोवर गेले होते. आम्ही ट्रंका उपसल्या, माळा उपसला. आई खाटेवर बसून पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे, पगाराच्या चिठ्ठ्या होत्या ना ढीगभर. त्यातच गुंडाळल्या कपबशा."

आमचा अर्ज अपुरा राहिला. २८ जून २०१२ रोजी पहिली सोडत निघाली, त्यात ६,९२५ घरे होती. त्यांत आमचे घर असतेच असे नव्हे, सोडत ती सोडतच. परंतु चिठ्ठी टाकण्याचाही अधिकार आमच्यापाशी उरला नव्हता. निळ्या काठाच्या कपांपैकी चार आजही घरात आहेत.

म्हणून बिऱ्हाड बांधताना प्रथम काय बांधावे, असे कोणी विचारले तर आम्ही भांडी म्हणत नाही, कागद म्हणतो. घरातले सारे कागद एका मेणकापडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी टेम्पोत न टाकता घरच्या बाईच्या किंवा कर्त्या माणसाच्या अंगाबरोबर न्यावी. टेम्पो उलटतो, भिजतो, चुकतो, एखादे बोचके रस्त्यात घसरते. पिशवीत पगारपत्रके जावीत, जुनी सुद्धा. नेमणुकीचे पत्र, काम सोडल्याचे पत्र, कंत्राटदाराने दिलेले गेटपास, हे कालबाह्य झाले म्हणून फेकू नयेत. कंत्राटदार बदलतो, कारखान्याचे नाव बदलते, मालक बदलतो, आणि दहा वर्षांनी उपदानाचा दावा लावताना तुम्ही त्या फाटकातून आत जात होता हे सिद्ध करायला तोच मळका गेटपास उभा राहतो. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

काही बाबतींत मात्र दिवस सुधारले आहेत, ते कबूल केले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येकाला बारा आकडी एकच कायम क्रमांक मिळतो, नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. तो क्रमांक पिशवीतही ठेवा आणि दोन जणांना पाठही करून ठेवा. शिधापत्रिकेचे धान्य पूर्वी ज्या दुकानाला नाव जोडलेले त्याच दुकानात मिळे. आता एक देश एक शिधापत्रिका या योजनेमुळे आधारवर अंगठा जुळला तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही धान्य घेता येते. बोईसरला बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसातून आलेल्या माणसांना हे माहीत नसते, आणि दुकानदार आपण होऊन सांगतोच असे नाही. मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी २०२२ पासून नमुना ८ भरावा लागतो. राज्य विम्याचा दवाखाना बदलून घ्यावा लागतो, नाहीतर ताप पालघरला येतो आणि कागद भिवंडीला राहतो. गॅसची टाकी दुसऱ्या गावी नेत नाहीत. टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीकडे परत करून तिच्याकडून बदलीचे पत्र घ्यायचे आणि ते नव्या गावच्या एजन्सीला द्यायचे.

शाळेच्या दाखल्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. जूनमध्ये बिऱ्हाड हलते आणि मूल घरी बसते, कारण जुनी शाळा दाखला देत नाही आणि नवी शाळा दाखल्याशिवाय घेत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते की शाळा सोडणाऱ्या मुलाला दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखल्याला उशीर झाला हे नव्या शाळेने प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. हे कलम आम्ही एका कागदावर लिहून खिशात ठेवतो. दोनदा ते मुख्याध्यापकांपुढे ठेवावे लागले, आणि दोन्ही वेळा मूल त्याच दिवशी वर्गात बसले.

आणखी एक गंमत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्या दिवशी आपण कोणीही घर हलविले नाही, पण सर्वांचा पत्ता बदलला. ज्यांच्या कागदांवर अजून "जि. ठाणे" आहे त्यांनी घाबरू नये, आणि ते जुने कागद फेकूही नयेत.

आता सामानाकडे वळू. बांधणीचे शास्त्र थोडेच आहे, पण ते न कळल्याने नुकसान फार होते. जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात, हा त्यातला पहिला नियम. लोक उलट करतात. मोठे खोके मिळाले की त्यात पुस्तके भरतात आणि मग ते चौघांनाही उचलत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोहून अधिक नसावे.  चाळीच्या अरुंद जिन्यावरून वीस किलो पुरे. काचेचे आणि चिनीमातीचे भांडे आडवे न ठेवता उभे ठेवावे, ताटे व बशा कडेवर उभ्या लावाव्या. कडेवर उभी वस्तू दणका सहन करते, पालथी वस्तू एकमेकीच्या भाराने तडकते. कौले वाहणारा गाडीवान हे शाळेत न जाता जाणतो. तो मंगलोरी कौल कधी सपाट रचत नाही, कडेवर उभे करून मध्ये पेंढा घालतो. दोन ताटांमध्ये कपडे घालावेत, म्हणजे कपड्यांनाही वेगळे खोके लागत नाही. वर्तमानपत्र वापरायला हरकत नाही, पण ते वर्तमानपत्रच आहे याची खात्री करून घ्यावी!

टेम्पोत कपाट आणि जड ट्रंका पुढे, चालकाच्या पाठीला लागून ठेवाव्या. गाद्या मध्ये उभ्या कराव्या, त्यांचा बफर होतो. शीतकपाट उभेच न्यावे आणि नव्या घरी उतरविल्यावर काही तास तसेच उभे ठेवून मगच वीज लावावी, म्हणजे आतले तेल खाली बसते. प्रत्येक खोक्यावर आतले सामान आणि ते कोणत्या खोलीत जायचे हे लिहावे. खोली एकच असेल तर "आधी" आणि "नंतर" एवढे दोन शब्द पुरेत. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पावसाचा भरवसा नसतो. मे महिन्यात हललात तर उत्तम, नाही जमले तर ताडपत्री टेम्पोवाल्याची असेल असे गृहीत धरू नका, आपली न्या. तारापूर, चिंचणी, नवापूरकडच्या घरातले लोखंडी सामान खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेले असते. पलंगाचे नटबोल्ट आदल्या दिवशी तेल घालून ठेवावेत, ऐन वेळी पान्याने जोर केला की डोके तुटून हातात येते.

हमालांशी मजुरी आधी ठरवावी, मजला सांगावा, जिना दाखवावा. आम्ही संघटनेचे लोक, म्हणून आम्हांस हे बोलणे भाग आहे. जो माणूस मालकाशी महागाईभत्त्यावर तासन् तास भांडतो तोच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर कपाट चढविणाऱ्याला पन्नास रुपये कमी देण्यासाठी भांडताना आम्ही पाहिला आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी घातलेले आयुष्य होते. त्यांच्या संघटनेचा इतिहास आपल्या जिन्यावर येऊन थांबू नये.

आता खर्च कोणी सोसायचा? येथे समाजाची उतरंड नीट दिसते. केंद्र सरकारच्या नोकराची दूर बदली झाली की सातव्या वेतन आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याला मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके बदली अनुदान मिळते आणि सामान नेण्याचा खर्च वेगळा. त्या सामानाच्या वजनाचीही मर्यादा ठरलेली आहे. वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला ६,००० किलो, खालच्या चार श्रेण्यांना १,५०० किलो. म्हणजे साहेबाचा संसार शिपायाच्या संसाराच्या चौपट जड असतो हे सरकारने मोजून ठेवले आहे. आम्हांला यात हेवा नाही. चौपट जड असतोही. पण त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या संसाराचे वजन शून्य किलो धरले आहे, त्याचे काय? परराज्यातून कंत्राटदारामार्फत आणलेल्या मजुरासाठी १९७९ च्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, येण्याजाण्याचे भाडे. दुसरी, घरदार सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता, मासिक मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जो अधिक असेल तो. तो भत्ता हातात पडलेला मजूर आम्हांस इतक्या वर्षांत विरळाच भेटला. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची संहिता आहे, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तिच्यात प्रवासभत्ता राहिला आहे, विस्थापन भत्ता गळाला आहे. कागदावर होता तोवर त्यासाठी भांडता तरी येत होते.

एकटे बिऱ्हाड हलते तेव्हा एवढे. पण आपल्या भागात गावेच्या गावे हलली आहेत. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी, जे २००५ आणि २००६ साली चालू झाले, पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे तंटे न्यायालयापर्यंत गेले. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले दिवे या विजेवर लागत असतील, तेव्हा हे गाव कोणासाठी उठले हा प्रश्न आपणांस परका नाही.

गाव बांधायचे म्हणजे काय बांधायचे? खांब, वासे, कौले उतरवून नेता येतात. खांबांवर खडूने खुणा केल्या की नव्या जागी ते त्याच क्रमाने उभे राहतात. कणगी नेता येते, जाते आणि पाटा-वरवंटा नेता येतो. होडी सुद्धा ट्रकवर चढते. पण होडी जेथे ओढून ठेवायची तो किनारा चढत नाही, बोंबील वाळत घालायची मोकळी जागा चढत नाही, विहीर चढत नाही. आणि शेजार? भाकरी थापता थापता जिला हाक मारायची ती बाई सरकारी नकाशावर पाच ओळी पलीकडच्या घरात जाते. चिठ्ठ्या टाकून घरे वाटली की असे होते. वस्ती हलवायची झाली तर आळीच्या आळी एका रांगेत बसवावी, ही मागणी फुकट पूर्ण होण्यासारखी आहे, तिला एक रुपया लागत नाही. म्हणूनच बहुधा ती कोणी टिपून घेत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो ते सांगतो, कारण हे आपल्याला लवकरच लागणार आहे. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा इंग्रजांचा, जमीन घेण्यासाठी केलेला. तरी त्याच्या तेविसाव्या कलमात एक पोटकलम होते: संपादनामुळे माणसाला राहते घर किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्या बदलाचा वाजवी खर्च मोबदल्यात धरावा. वाजवी म्हणजे किती, हे दाखवायचे तर पावती हवी. आता पावती ठेवून कोणाचे घर उठते? २०१३ च्या नव्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, ही भानगड कमी केली. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत रकमाच लिहिल्या आहेत. विस्थापित कुटुंबाला घरसामान, इमारतीचे साहित्य आणि गुरे हलविण्यासाठी एकदाच ५०,००० रुपये. पुनर्वसन भत्ता म्हणून आणखी ५०,००० रुपये. वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाहासाठी. गोठा किंवा लहान दुकान असेल तर निदान २५,००० रुपये. अनुसूचित क्षेत्रातून उठलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला जादा ५०,००० रुपये, आणि पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो हे लक्षात ठेवा. अणुऊर्जा, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग यांचे कायदे आरंभी यातून वगळले होते, २०१५ साली मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांनाही लावण्यात आल्या.

आज आपल्या जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, नवे रस्ते होत आहेत. ते व्हावेत की नाही हा वाद या व्याख्यानाचा नाही, त्यासाठी आम्हांला वेगळी सभा द्या. पण ज्याच्या दारावर खुणेचा दगड लागला आहे त्याने हे आकडे आजच लिहून घ्यावेत. घर उतरविण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, खांब, झाडे, विहीर, गोठा मोजून पंचनाम्यात लिहिले गेले की नाही ते वाचून पाहावे, आणि न वाचता अंगठा देऊ नये. जे पंचनाम्यात नाही ते घर उतरल्यावर कधी नव्हतेच.

भाडेकरूंसाठी दोन शब्द राहिले. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, ही गावभर पसरलेली समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे जागेचा असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही आणि तंटा झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते धरले जाते, उलट सिद्ध करण्याचे काम मालकाचे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनामत बुडाली म्हणून आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हे माहीत नसते. खोली सोडताना विजेच्या मीटरचा आकडा लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी, रिकाम्या खोलीचे फोटो काढावेत, किल्ली देतानाच अनामतीचा हिशेब करावा. किल्ली गेली की बोलणे गेले.

नव्या घरी पहिल्या रात्री सगळे उघडू नका. "आधी" लिहिलेले एकच खोके उघडा. त्यात शेगडी, काडेपेटी, तांदूळ, डाळ, मीठ, एक पातेले, अंथरूण, साबण, मेणबत्ती आणि मुलांची औषधे असावीत. दूध उतू घालायची ज्यांची रीत आहे त्यांनी ती करावी, आमच्या आईने सातही घरांत केली आणि आम्ही कधी वाद घातला नाही. मग झोपण्यापूर्वी शेजारच्या दारावर टकटक करून विचारावे की नळाला पाणी किती वाजता येते. बोईसरला ते पहाटे साडेचारलाही येते, आणि हे घरमालक कधी सांगत नाही.